कोरडा तळहात, ओली पाठ

छातीच्या पोकळीत, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या मुळांवरून मज्जातंतूंची एक बारीक साखळी खाली उतरते. शाळेच्या पुस्तकात आपण तिला अनुकंपी चेतासंस्थेचा भाग म्हणून शिकलो. डॉक्टर तिला सिंपथेटिक चेन म्हणतात. तळहाताला घाम फुटण्याचा हुकूम तिच्यातून जातो आणि बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूमही तिच्यातूनच जातो. म्हणून वरच्या बरगड्यांपाशी ही साखळी तोडली की दोन गोष्टी एकदम घडतात. हात कोरडा होतो आणि हात गरम होतो. या एका कापावर गेली शंभर वर्षं दोन अगदी वेगळ्या आजारांचे रुग्ण आशा लावून बसले आहेत. एक, ज्यांच्या तळहातातून घामाच्या धारा लागतात असे तरुण. दुसरे, ज्यांच्या हाताचा रक्तपुरवठा आटत जाऊन बोटं काळी पडू लागली आहेत असे लोक. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दोघेही भेटतात. पहिले सैन्यभरतीच्या अकॅडमीत दिसतात, दुसरे कारखान्याच्या हंगामात उसाच्या फडावर.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. बोलणारे दोघे: भरतीसाठी मुलांची तयारी करून घेणारे एक सर आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टर मॅडम. सरांचा पक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, असं मी केलेलं नाही, कारण तो पक्ष दुबळा नाहीच. माझं मत मात्र आधीच सांगतो. या शस्त्रक्रियेचा विचार करताना हात कोरडा झाला का, एवढंच विचारणं चुकीचं आहे. घामाच्या रुग्णात ती जवळजवळ नेहमी यशस्वी होते आणि तरीही तिथे ती अगदी शेवटी यायला हवी. रक्तपुरवठ्याच्या रुग्णात ती पुष्कळदा अपुरी पडते आणि तरीही तिथे ती कधीकधी करावी लागते. हे उलटं वाटतं, पण पुरावा तिकडेच नेतो.

सर: मॅडम, तुम्ही पोरांना अडवून धरता, हे मला पटत नाही. पोरगं दीड वर्ष पहाटे उठून पळतं. सोळाशे मीटर वेळेत मारतं, छाती भरते, उंची बसते, लेखी निघते, आणि मेडिकलला तळहातावर पाण्याचे थेंब दिसले की बाद. अग्निवीरला वय साडेसतरापासून पुढची मोजकीच वर्षं. त्यातलं एक वर्ष वाया गेलं तर पोराच्या हातात राहिलं काय? घरी दोन एकर, तेही डाळिंबावर तेल्या पडलेलं. काखेत दोन लहान छिद्रं, दुर्बिणीतून तासाभराचं काम, दुसऱ्या दिवशी घरी. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त लोकांचे हात कोरडे होतात, हे तुमच्याच पुस्तकांत आहे ना? मग सहा महिने लोशन चोळत का बसायचं?

मॅडम: आकडा बरोबर आहे, सर. तळहाताच्या घामावर याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही, हे मी कुणापासून लपवत नाही. भूल देतात, एका बाजूचं फुफ्फुस थोडा वेळ आखडू देतात, काखेतून दुर्बीण घालतात, तिसऱ्या किंवा चौथ्या बरगडीवरची साखळी कापतात किंवा तिला क्लिप लावतात. मग दुसऱ्या बाजूला तेच. टेबलावरच हात गरम आणि कोरडा लागतो. पण हा पंच्याण्णवचा आकडा हाताशी मोजलेला आहे. बनियन काढून पाठ कुणी पाहिली? हात कोरडे झाल्यावर पाठ, पोट, कंबर, मांड्या यांना पूर्वीपेक्षा जास्त घाम सुटू लागतो. बहुतेकांना तो सोसवतो, हात सुटला याचाच आनंद मोठा असतो. पण थोड्या लोकांना तो इतका येतो की दिवसातून तीन-चारदा शर्ट बदलावा लागतो. त्यातले काही जण नंतर सरळ म्हणतात, हातच ओले होते ते बरं होतं. हे कुणाच्या वाट्याला येणार, ते आधी सांगण्याची खात्रीची तपासणी आजही आपल्याकडे नाही.

इथे थोडं थांबून पुराव्याकडे पाहायला हवं, कारण या भरपाईच्या घामाचे आकडे वाचताना माणूस गोंधळतो. काही अभ्यासांत तो थोड्यांना झालेला दिसतो, काहींत शंभरातल्या नव्वदांहून अधिकांना. फरकाचं मोठं कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. पाठीला जरा जास्त ओल येते हेही कुणी मोजलं, कुणी फक्त जगणं कठीण झालेले मोजले. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने विचारलं तर एक उत्तर मिळतं आणि दोन उन्हाळे गेल्यावर विचारलं तर दुसरं. सर्व अभ्यासांत साधारण सारखी निघणारी गोष्ट ही की उष्णता आणि श्रम यांनी हा घाम वाढतो. म्हणून थंड हवेच्या देशातला दिलासा पर्जन्यछायेतल्या आपल्या तालुक्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशीला टेकतो, आणि ज्या मुलासाठी ही शस्त्रक्रिया मागितली जाते तो वातानुकूलित खोलीत बसणारा नाही. तो उन्हात पळणार आहे, नंतर कदाचित राजस्थानात गणवेशात उभा राहणार आहे. त्याच्या बाबतीत पाठीचा घाम हा दुय्यम तपशील राहत नाही.

सर: आमच्याकडे नीरेच्या कालव्याची एक चारी बंद केली की पाणी दुसऱ्या चारीला चढतं, तसंच ना हे? शरीराला एवढा घाम टाकायचाच आहे, हाताला नाही तर पाठीला टाकेल. पाठीचा घाम शर्टाआड राहतो. हाताचा घाम जगाला दिसतो.

मॅडम: तसं असतं तर हिशेब सोपा होता, जेवढं हाताचं गेलं तेवढंच पाठीला आलं असतं. पण तळहाताचं क्षेत्रफळ किती आणि पाठीचा घाम किती! शिवाय तळहाताचा घाम मुळात अंग थंड करण्यासाठी नसतोच, तो मनाच्या ताणाने सुटतो. साखळी तोडल्यावर मेंदूतल्या घामाच्या केंद्राला खालून मिळणारी खबर बिघडते आणि ते उरलेल्या अंगाला जास्तीचे हुकूम सोडत राहतं, असं एक स्पष्टीकरण आहे. त्यावरही तज्ज्ञांचं पूर्ण एकमत नाही. दुसरं म्हणजे, साखळी फार वर तोडली तर चेहरा, डोकं, मानही कोरडी पडते. उन्हात पळणाऱ्या माणसाच्या डोक्याला घामच नाही, याचा विचार करा. आणि ‘शर्टाआड’ म्हणता, पण पाठीवर सॅक घेऊन वीस किलोमीटर चालणाऱ्याला विचारा की आड म्हणजे काय.

सर: बरं, कापू नका, क्लिप लावा. त्रास झाला तर काढून टाकता येते, असं पोरं मोबाईलवर बघून येतात.

मॅडम: क्लिप काढता येते, पण तंतू पहिल्यासारखा होईलच असं नाही. क्लिपखाली तो चिरडलेला असतो. काहींचा घाम क्लिप काढल्यावर ओसरला, काहींचा नाही, आणि उशीर होईल तसा भरवसा कमी होत जातो. म्हणून कापा नाहीतर क्लिप लावा, माझ्या लेखी ही न परतणारी शस्त्रक्रियाच. पापणी खाली ओघळणं आणि बाहुली बारीक होणं, छातीत हवा साठणं, या गोष्टी सरावलेल्या हातांत क्वचित होतात. त्यांची भीती मी पोरांना घालत नाही. मी पाठीबद्दलच बोलते, कारण ती क्वचित घडणारी गोष्ट नाही.

आता सरांनी काढलेला पुढचा मुद्दा त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम आहे. अमेरिकेतल्या वक्षशल्यचिकित्सकांच्या संघटनेने, सोसायटी ऑफ थोरॅसिक सर्जन्सने, २०११ साली घामाच्या शस्त्रक्रियेबाबत तज्ज्ञांचं एकमत प्रसिद्ध केलं. त्यात चांगला उमेदवार कोण, ते सांगितलं आहे. घामाची सुरुवात लहानपणी, साधारण सोळाच्या आत झालेली. शस्त्रक्रियेच्या वेळी वय पंचविसाच्या आत. अंगाने स्थूल नाही, म्हणजे बीएमआय २८ पेक्षा कमी. झोपेत घाम नाही. एरवी तब्येत ठणठणीत. सरांचं म्हणणं असं की हे वर्णन त्यांच्या ग्राउंडवर पळणाऱ्या पोरांचंच आहे. जग ज्यांना उत्तम उमेदवार म्हणतं, त्यांनाच तुम्ही थांबवता?

मॅडम: ती यादी पुढे वाचा. शेवटची अट अशी आहे की विश्रांतीच्या वेळी नाडी पंचावन्नच्या खाली नको. का? कारण हृदयाला वेग वाढवायला सांगणारे तंतूही याच वरच्या भागातून निघतात. ते तुटले की नाडी थोडी मंदावते. साध्या माणसाला हे कळतही नाही. पण तुमची पोरं वर्षभर पळून पळून नाडी आधीच खाली आणून बसलेली असतात. पहाटे उठायच्या आधी मोजा, कितीतरी जणांची पन्नाशीच्या आसपास निघेल. म्हणजे सरावाने चांगलं झालेलं हृदयच या यादीत अडसर ठरतं. आणि वयाचं म्हणाल तर तैवानकडे बघा. तिथे तळहाताच्या घामासाठी ही शस्त्रक्रिया खूप झाली, भरपाईच्या घामाच्या तक्रारीही तेवढ्याच आल्या, आणि २००४ साली तिथल्या आरोग्य खात्याने वीस वर्षांखालच्यांवर ही शस्त्रक्रिया करायला मनाई केली. एक देश म्हणतो पंचविसाच्या आत, दुसरा म्हणतो विसाच्या पुढे. दोन्ही एकत्र वाचले तर साडेसतराचं पोर त्यात बसत नाही.

नाडीचा हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. तज्ज्ञांची यादी ज्या समाजासाठी लिहिली गेली, तिथला उमेदवार बहुधा कार्यालयात हस्तांदोलनाला लाजणारा तरुण होता. आपला उमेदवार धावपटू आहे. परक्या देशातली मार्गदर्शक तत्त्वं चुकीची नसतात, पण ती कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, हे पाहिल्याशिवाय ती इथे वापरणं धोक्याचं.

सर: ठीक आहे. पण ‘करू नका’ एवढंच ऐकून पोरगं जातं ते थेट पुण्याला. तुमच्याकडे दुसरं काय आहे, ते सांगा.

मॅडम: पहिली गोष्ट तपासणीची. रात्री झोपेत तळहात कोरडे असतात का, हे आईला विचारायचं. झोपेत कोरडे आणि जागेपणी गळणारे, लहानपणापासून, घरात आणखी कुणाला तसंच, तर हा मूळचा घामाचा आजार. रात्री अंग भिजत असेल, वजन उतरत असेल, छाती धडधडत असेल, तर आधी क्षयरोग आणि थायरॉइड तपासायचा. त्यावर हाताची शस्त्रक्रिया म्हणजे शुद्ध नुकसान. मग घाम किती आणि कुठे, ते बघायचं. तळहात टिपून घ्यायचा, आयोडीनचं द्रावण लावायचं, ते वाळू द्यायचं आणि वरून मक्याच्या पिठाची, म्हणजे कॉर्नफ्लोअरची, पातळ धूळ सोडायची. जिथे घाम फुटतो तिथे पिवळट कातडीवर जांभळे-काळे ठिपके उमटू लागतात, आधी बोटांच्या टोकांना, मग तळव्याच्या उशीवर, आणि दोन-तीन मिनिटांत ते ठिपके एकमेकांत मिसळून सगळा तळवा काळा होतो. पोरगं स्वतः बघतं. उपचारानंतर तीच परीक्षा पुन्हा केली की फरकही त्याला स्वतःलाच दिसतो, माझ्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

मॅडम: उपचारात पहिलं ॲल्युमिनियम क्लोराइड, वीस टक्क्यांचं. रात्री पूर्ण कोरड्या हाताला लावायचं, सकाळी धुवायचं. काखेत ते चांगलं चालतं, तळहाताला कमी, आणि कातडी चुरचुरते. खरी मदत होते ती आयोंटोफोरेसिसची. दोन ट्रेमध्ये साधं नळाचं पाणी, त्यात दोन तळहात, आणि पंधरा ते वीस मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह, वीस मिनिटं. अंगठी काढायची, कुठे चीर असेल तर व्हॅसलिन लावायचं. मुंग्या आल्यासारखं वाटतं, बस. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, आठ-दहा बैठकींत बहुतेकांचे हात कोरडे होतात, मग आठवड्यातून एकदा पुरतं. पाण्यात क्षार लागतात, आणि आपल्याकडच्या बोअरला त्याची काय कमी! पेसमेकर असलेल्याला आणि गरोदर बाईला मात्र हे द्यायचं नाही.

सर: गोळ्याही असतात ना? पोरं मेडिकलच्या आदल्या आठवड्यात कुठून तरी आणून खातात.

मॅडम: तेच मला घाबरवतं. ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन. घामाच्या ग्रंथीला ज्या रसायनाचा निरोप जातो, तोच या गोळ्या अडवतात, आणि एका तळहातापुरता नाही, सगळ्या अंगाचा. तोंड कोरडं पडतं, लघवीला अडतं, आणि अंगाचा घामच कमी झाल्याने उष्माघाताचा धोका वाढतो. मे महिन्यात गोळी खाऊन सोळाशे मीटर पळणं, हा जिवाशी खेळ आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली, पळायचं नसेल अशा दिवशी, ठीक. बोटॉक्सचं इंजेक्शनही आहे. काही महिने टिकतं, तळहातात टोचून घ्यायला फार दुखतं, पकड थोडे दिवस सैल पडते, आणि दर खेपेचा खर्च पोराच्या घराला पेलणारा नाही.

माझी मुख्य तक्रार याच ठिकाणी आहे. शस्त्रक्रियेची जाहिरात मोबाईलवर एका क्षणात मिळते. तिच्या आधीच्या पायऱ्या तालुक्यात शोधूनही सापडत नाहीत. आयोंटोफोरेसिसला लागणारा प्रवाह देणारं साधं यंत्र भौतिकोपचार केंद्रांत असतं, पण ते घामासाठी वापरायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटल्यावर त्वचारोग विभाग आलाच. तिथे आठवड्यातून दोन दिवस आणि इंदापूरच्या सरकारी रुग्णालयात एक दिवस घामाची बैठक ठेवायला मोठं बांधकाम लागत नाही, दोन ट्रे आणि एक प्रशिक्षित परिचारिका लागते. शंभर-दीडशे किलोमीटर पुण्याला जाऊन आठवड्यातून तीन बैठकी कुणी घेऊ शकत नाही. त्या तालुक्यात असल्या तरच घेतल्या जातील. उपचार दूर आणि शस्त्रक्रिया एका फेरीची, असं असताना माणूस शस्त्रक्रिया निवडतो. त्याला आपण त्याची निवड म्हणतो, पण ती अंतराने केलेली निवड असते.

आणि घाईचं म्हणाल, तर तीही आपणच निर्माण केलेली आहे. हा आजार अठराव्या वर्षी उगवत नाही. सहावी-सातवीतल्या मुलाची उत्तरपत्रिका भिजते, शाई पसरते, तो हाताखाली रुमाल ठेवून लिहितो, कबड्डीत त्याच्या हातातून पकड सुटते. मुलगी असेल तर पुढे बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये शिवणावर बसल्यावर कापडाला डाग पडतात म्हणून तिला बोलणी बसतात. म्हणजे पहिल्या लक्षणापासून भरतीपर्यंत सहा-सात वर्षं मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, दात बघतं, डोळे बघतं. तळहात हातात घेऊन बघायला किती वेळ लागतो? भरतीच्या बाबतीत आणखी एक. सैन्याच्या वैद्यकीय तपासणीत बाद झालेल्याला पुन्हा तज्ज्ञांकडून तपासणी मागता येते. आणि ज्याला शस्त्रक्रिया करायचीच आहे त्याने, ती झालेला उमेदवार चालतो का, याचा लेखी खुलासा पुण्याच्या सैन्यभरती कार्यालयातून आधी घ्यावा. हात कोरडा करून घेतला आणि काखेतल्या खुणांनी पुन्हा अडलं, असं होता कामा नये.

सर: घामाचं तुमचं म्हणणं घेतो मी. पण हंगामात कारखान्यावर बीड-नगरकडून टोळ्या येतात, त्यांच्यात पस्तिशीचा गडी बोट काळं पडलेलं घेऊन फिरताना दिसतो. रात्र रात्र हात खाली सोडून बसतो, ठणका थांबत नाही. तिथे तरी नस कापायला तुमची हरकत नसावी?

मॅडम: तिथे माझी हरकत कमी आहे आणि अपेक्षाही कमी आहे. तरणा माणूस, बिडी ओढणारा, हातापायांच्या बोटांना जखमा, तर पहिला संशय बर्जरच्या आजाराचा. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ साली कापून काढलेल्या अकरा अवयवांचा अभ्यास करून तो मांडला. दवाखान्यात बसल्या बसल्या मी एक परीक्षा करते. गड्याला मूठ घट्ट आवळायला सांगायची, मनगटाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या अंगठ्यांनी दाबून धरायच्या, मूठ उघडायला लावायची. तळवा पांढरा फटक दिसतो. मग करंगळीकडची धमनी सोडायची. निरोगी हात काही सेकंदांत गुलाबी होतो. याचा हात पांढराच राहिला तर ती धमनी बंद आहे. एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये ही परीक्षा याच आजारासाठी सांगितली. आता विचार करा, धमनी गुठळीने बंद आहे. नस कापून काय होणार? कातडीतल्या बारीक वाहिन्या सैल पडतील, थोडं रक्त जास्त येईल, ठणका कमी होईल, एखादी जखम भरेल. बंद धमनी बंदच राहणार.

सर: पण थोडं रक्तही त्या बोटाला मोलाचं नाही का?

मॅडम: आहे. म्हणूनच नकार देत नाही. पायासाठी कमरेतली साखळी तोडतात, हातासाठी छातीतली. पायाला त्याचा उपयोग जास्त टिकतो. हाताला काही महिने, फार तर एक-दोन वर्षं, मग वाहिन्या पुन्हा आवळू लागतात. थंडीत बोटं पांढरी-निळी पडणाऱ्या रेनोच्या आजारातही हेच दिसलं, म्हणून तिथे आता ऊब, निफेडिपिनसारख्या गोळ्या आणि मूळ आजाराचा शोध आधी येतो. मानेतली जादा बरगडी धमनी दाबते का, तेही एक्स-रेत बघून घ्यायचं. बर्जरमध्ये मात्र एकच गोष्ट आजार थांबवते, तंबाखू पूर्ण बंद. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या रुग्णांत ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्यातल्या शंभरातल्या चौऱ्याण्णवांचा अवयव कापावा लागला नाही. ज्यांनी चालू ठेवली त्यांच्यातल्या शंभरातल्या त्रेचाळीसांचा आठ वर्षांत कापावा लागला. एवढा फरक कुठलीही सुरी पाडू शकत नाही.

सर: मॅडम, सोडायला सांगणं सोपं आहे. पहाटे चारला फडावर कोयता चालवणाऱ्याला बिडीच जागं ठेवते. सुटत नाही म्हणून तर ऑपरेशन.

सरांच्या या आक्षेपात उपदेशाविरुद्धचा राग आहे आणि तो योग्य आहे. ऊसतोड कामगाराला ‘व्यसन सोड’ म्हणून घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे. पण आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. तंबाखू चालू ठेवून केलेली शस्त्रक्रिया बोट वाचवत नाही, ते कापण्याची तारीख फक्त पुढे ढकलते. शिवाय गैरसमज असा की बिडी वाईट, मिश्री-तंबाखू चालते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि धूर न काढता घेणारे २४.४ टक्के. बर्जरच्या रुग्णाने बिडी टाकून तंबाखूची पुडी धरली तर आजार थांबत नाही. निकोटीनची पट्टी आणि च्युइंगगमसुद्धा या आजारात शक्यतो टाळतात, कारण निकोटीन शरीरात राहतंच. व्यसन सोडवायच्या दुसऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. मग शस्त्रक्रियेचा खरा उपयोग काय? ठणका थांबलेल्या त्या काही महिन्यांचा. रात्रभर कळ सोसणारा माणूस बिडी सोडू शकत नाही. झोप लागू लागलेला माणूस सोडण्याची शक्यता असते. शस्त्रक्रियेच्या आधीच व्यसनमुक्तीचा समुपदेशक ठरवून ठेवला, टोळी गावी परतल्यावर तिकडच्या आरोग्य केंद्राकडे नाव कळवलं, तर त्या कापाला अर्थ आहे. नुसता काप म्हणजे मुदतवाढ.

दोन आजारांचा हिशेब शेजारी ठेवून पाहिला की माझं सुरुवातीचं विधान उलगडतं. घामाच्या आजारात हात निरोगी असतो, चुकीचे निरोप नसेतून येतात. त्यामुळे नस तोडली की नेम अचूक बसतो, पण जीव धोक्यात नसलेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या उरलेल्या साठ वर्षांवर त्याची किंमत पडते. रक्तपुरवठ्याच्या आजारात नस निर्दोष असते, धमनी बिघडलेली असते. त्यामुळे नेम अर्धाच बसतो, पण समोर बोट जाण्याची वेळ असते आणि पाठीच्या घामाची किंमत त्यापुढे क्षुल्लक ठरते. यश जास्त म्हणून करा आणि यश कमी म्हणून टाळा, हा नियम इथे लावला तर दोन्हीकडे चुकीचा निर्णय होतो.

सर: मग माझ्या पोरांपैकी कुणालाच कधी करू द्यायची नाही?

मॅडम: असं नाही. ज्याच्या हातातून खरोखर थेंब गळतात, ज्याने आयोंटोफोरेसिस नीट, पुरेशा बैठकी घेऊन पाहिलं, वीस ओलांडली, झोपेत कोरडा, नाडी ठीक, त्याला मी स्वतः चिठ्ठी देईन. आणि सर्जनला विचारायला सांगेन की चौथ्या बरगडीवर थांबाल का. तिसरीवर तोडलं तर हात खडखडीत कोरडा होतो आणि पाठीचा घाम जास्त. चौथीवर तोडलं तर हाताला किंचित ओल राहते, पण पाठीचा त्रास कमी. यातलं कुठलं हवं, ते पोराने ठरवायचं, सर्जनने नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलंय की संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचार काय, धोका काय, दुसरे पर्याय कुठले, उपचार नाकारला तर काय होईल, हे रुग्णाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे. तो कागद मराठीत हवा, आणि त्यात पाठीचा घाम पहिल्या ओळीत हवा, शेवटच्या नव्हे.

सर: आणि माझ्याकडून काय हवं?

मॅडम: अकॅडमीत प्रवेश देताना तुम्ही उंची, छाती, वजन लिहून घेता. त्याच कागदावर तळहात बघून लिहा, झोपेत घाम येतो का विचारा, पहाटेची नाडी मोजून टाका. ज्याचा हात गळतो त्याला भरतीच्या आदल्या महिन्यात नको, प्रवेशाच्या त्याच आठवड्यात माझ्याकडे पाठवा. आणि पोरांच्या बॅगेत गोळ्यांची पाकिटं सापडली तर आधी मला फोन करा, रागवा नंतर.

सर: सोमवारी नवी बॅच येतेय. कागद तुम्हीच तयार करून द्या, छापून मी घेतो.